आई, तुझं काही चुकलं नव्हतं

आई,

आज लेकीला घेऊन जळगावला डॉक्टरांकडे जाऊन आले. सहा वर्षांची आहे. घरात तोंडाला खळ नाही आणि शाळेत गेली की एक शब्द नाही. माझ्यासारखीच. परत आल्यावर हे सांगायला कोणी माणूस सापडेना, तेव्हा तूच आठवलीस.

माझ्या लहानपणी सावद्याच्या शाळेत बाईंनी तुला बोलावलं होतं. तू केळीच्या बागेतून तशीच येतेस, साडीवर चिकाचे काळे डाग. मी भिंतीला पाठ लावून उभी आहे. बाई विचारतात, "पोरगी मुकी आहे का?" तुझी धुळ्याकडची बोली सासरी येऊनही सुटली नव्हती. "मनी पोर मुकी नही शे, बाई. घरमा ते दिनभर बोलस." "मग घरी मारता का हिला? नुसती भेदरलेली असते." साऱ्या वर्गासमोर. तू खाली मान घातलीस. परतताना रस्त्यात विचारलंस, "मनं काय चुकनं व माय?" येणारीजाणारी माणसं होती, मी तुझा पदर धरून चालत राहिले. घरी पोचून दाराला कडी लागली तशी मला बोलता आलं असतं, पण तोवर तू चुलीकडे तोंड फिरवलं होतंस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्यानंतर माझ्यासमोर भांडंसुद्धा आवाज होऊ न देता जपून ठेवायचीस.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत आत खोल बदामाएवढा एक भाग असतो, धोका आला की तो शरीराला सावध करतो. काही मुलांत तो परक्या माणसांना पाहूनच जागा होत असावा, मग बोलायचं असूनही शब्द अडतात. आपण बोलताना आपलाच आवाज कानात फार घुमू नये म्हणून कानातले बारीक स्नायू आवळतात, तेही काहींचं नीट होत नसावं, म्हणून बोलणंच नकोसं होत असावं. "अजून सगळं ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "भित्रा स्वभाव घराण्यातून येऊ शकतो. पण हा हट्ट नाही. घाई करू नका, मदत मिळाली की हळूहळू बोलेल." मी विचारलं, "आईमुळे होत नाही ना हे?" त्यांना वाटलं, मी माझंच विचारतेय. "नाही हो ताई, तुमचं काही चुकलं नाही." मी मान हलवली. तिथे त्या खुर्चीत तू बसायला हवी होतीस.

तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. घर माणसांनी भरलेलं. मावशी दंडाला धरून हलवत होती, "एक डाव हाक ते मार व मायले." माझे ओठ उघडले नाहीत. बायका म्हणाल्या, दगडाचं काळीज आहे पोरीचं. ते मी आजवर ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर, रिकाम्या घरात मी तुला हाक मारली होती. चांगली मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. हे अजून कोणालाच माहीत नाही.