दंडाचं माप

प्रिय ताईस साष्टांग नमस्कार. (म्हणजे आठपैकी साडेसात अंगांचा. उजवा हात अजून रुसलेला आहे, तो आपला वाटा बरा झाल्यावर देईल.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही दोघं ठीक.

कापडाचा गठ्ठा काढायला मी दुकानात स्टुलावर चढलो आणि उतरताना स्टूल विसरलो, हे तुला कळलंच आहे. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो दंड बाहेर आला तो माझा नव्हताच. बाहीत नुसता हँगर! व्यायाम शिकवणाऱ्या बाई मुलीच्या वयाच्या, पण दरारा थेट तुझा. त्यांनी मला माझ्याच दंडाची ओळख करून दिली. पुढचा स्नायू आखडला की कोपर वाकतं, मागचा आखडला की सरळ होतं. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. (हे आपल्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही.) आणि ऐक, स्नायूला ढकलता म्हणून येतच नाही, फक्त ओढता येतं! जन्मभर इस्त्री ढकलणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय! मी वाद घातला. बाईंनी मागचा स्नायू दोन बोटांनी असा दाबला की मला पटलं. पुढच्याची ऐट वेगळीच. मूठ आवळली की बेडकी काढून तोच मिरवतो, कुलपात किल्लीही तोच फिरवतो. पण कोपर वाकवून वजन उचलायचं मुख्य काम त्याच्याखाली दडलेला तिसराच करतो, आणि त्याचं कोणी नावही घेत नाही. अस्तराचं नशीबच तसलं. मला फार वाईट वाटलं.

बाई म्हणतात, हात काय करतो ते बघा. पण मी शिंपी, मापाशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. म्हणून रोज सकाळी मी डाव्या हाताने दंडाला टेप गुंडाळतो आणि ही आकडा वाचते. (आपला दंड आपल्याला वाचता येत नाही, करून बघ.) आधी इतका कमी भरायचा की मी हिला सांगून टाकलं, हा डाव्याच्या बरोबरीला आला नाही तर दुकान विकायचं. पण पठ्ठ्या भरत चाललाय! आज जवळजवळ बरोबरी झाली. सोमवारी दुकान उघडतो.

तुझा धाकटा

ता. क. खरं सांगू? भीती वाटते. कात्री हातात घ्यायच्या आधी एकदा तू येऊन माप वाच. तुझी जन्मभर दवाखान्यात नोकरी झाली, तू म्हणालीस की माझी खात्री पटेल.

ता. क. दुसरा. ताई, ही मी, तुमची भावजय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहितेय. दंड जेमतेम एखादं सूत भरलाय. बाकीचं मी वाचताना भरलं. दुकान विकायचं बोलले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. पण काल माझ्याशी भांडता भांडता पाण्याने भरलेली बादली उजव्या हाताने उचलून मोरीत नेली, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. बाई म्हणाल्या, ताकद आधी येते, माप मागून. तेव्हा सोमवारच्या आत नक्की या. फक्त चष्मा घरी विसरून या. वाचायला मी आहे.