बंद गिरणीच्या खिडकीतला हात

लालबाग, गुरुवार

आदरणीय शेवंती आत्या,

सप्रेम जयभीम. (समोर असलीस की मी तुला 'तू' म्हणते, पण माझी पत्रं तुम्ही शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवता असं कळलं, म्हणून इथे 'तुम्ही'.) तुमचा गुडघा कसा आहे? पोरं शाळेत जातात ना? इकडे आम्ही बरे आहोत. संप सुटलेला नाही, आणि आता सुटणार असं रोज कोणीतरी सांगतं. मामा तुम्हाला नि पोरांना तिथे ठेवून भिवंडीला मागावर लागले हे तुमच्या पत्रात वाचून आईला बरं वाटलं. "डावरा माणूस, तिथे कसं जमवतोय कोण जाणे," म्हणाली. नाना मात्र उठून गॅलरीत गेले.

आता मुख्य गोष्ट. (ती सुरुवातीलाच लिहावी असं शाळेत शिकवलं होतं, पण इथे ते जमणार नाही.) मागच्या महिन्यात एका रविवारी शेजारच्या जगदीशने खोलीवर भाड्याचा व्हिडिओ आणला. खिडक्यांना गोधड्या लावून भर दुपारी अंधार केला आणि अख्खा मजला दाटीवाटीने बसला. सिनेमा इंग्रजी. भाषा कोणाला कळली नाही, पण तिची गरजही पडली नाही. कॉलेजातली मुलंमुली एका ओसाड कारखान्यात सहलीला जातात. (कारखान्यात सहलीला कोण जातं, असं मी विचारलं तर जगदीश म्हणाला, "ए गप ना, बघ गुपचूप!") मग एकेक जण मरतो. मी मन लावून पाहिलं आणि मला त्यातले नियम कळले. जो "घाबरता काय रे" म्हणून हसतो तो पहिला जातो. त्याच्यामागून प्रेमात पडलेली जोडी. कुठे खुट्ट झालं की कोणीतरी एकटंच बघायला जातं आणि "कोण आहे?" म्हणून विचारतं, आणि ते पुन्हा दिसत नाही. शेवटपर्यंत उरते ती चष्मेवाली अभ्यासू मुलगी. इथे सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, पण मग बाकीच्यांचं काय, या काळजीने मला जेवण गेलं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही मुलं मोठ्या माणसांना काही सांगत नाहीत. (आपल्या चाळीत हा सिनेमा झालाच नसता. दूध उतू गेलं तरी चार खोल्यांना कळतं.) मी ठरवलं, आपण ही चूक करायची नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोर गिरणी. तुमच्या वेळची घरघर आता नाही. कबुतरं उडाली तरी दचकायला होतं. वरच्या मजल्याच्या फुटक्या खिडकीत एक हात दिसला. नुसता हात. मागे काळोख. हात छातीला लागला, मग खाली गेला, गुडघ्याच्या उंचीवर थांबला, आणि पालथा-उताणा झाला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. (आपल्या घरात भूत मानत नाहीत, म्हणून मी त्याला 'ती व्यक्ती' म्हणते. व्यक्तीला चेहरा नव्हता.) मी "कोण आहे?" विचारलं नाही. एकटी बघायला गेले नाही. नियमाप्रमाणे नानांना सांगायला आत धावले.

नाना आत नव्हते. ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपांमागे, गिरणीकडे तोंड करून उभे होते. त्यांचाही हात छातीला लागत होता आणि गुडघ्यापर्यंत खाली जात होता. तोंडातून अक्षर नाही. आत्या, सिनेमात असंही असतं: ज्याला सांगायला जावं, तोच त्यातला निघतो.

"नाना, तिकडे कोण आहे?" (शेवटी विचारलंच.)

"कोणी नाही."

"मग बोलताय कोणाशी?"

"मी तोंड उघडलं का? जा, कपडे वाळत घाल."

संध्याकाळी मात्र त्यांनी मला फोटोसमोर उभं केलं आणि सांगितलं. गिरणीच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या साच्यांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातांनी बोलायचे. छाती म्हणजे घर. गुडघ्याएवढा हात म्हणजे पोरं. पालथा-उताणा म्हणजे, बरं आहे ना? त्यांच्या साच्याशेजारचा एक जण बंद गिरणीत पहाऱ्याला लागलाय. संप चालू असताना आत गेला हे चाळीला कळलं, तर त्याला कोणी उभं करणार नाही आणि आपल्यालाही नाही. "त्याचं नाव कोणाला सांगायचं नाही," म्हणाले. मी शब्द दिला. मी शब्द पाळते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून या पत्रात ते नाव नाही.

असा हा आमचा सिनेमा. आईचा जयभीम. पोरांना पापा.

तुमची,
ललिता

ता.क. (इथून पुढे मोठ्याने वाचू नये.) नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं. हात कोणता, याबद्दल काही ठरलं नव्हतं. डावा.

ता.क. दुसरा. गेल्या आठवड्यात खिडकी रिकामी झाली. नाना तरी रोज पिंपांमागे उभे राहून त्या रिकाम्या खिडकीला 'घर, पोरं, बरी आहेत' सांगत होते. काल हात परत दिसला. छाती, गुडघा, पालथा-उताणा, सगळं तेच. मी आनंदाने नानांकडे वळले, तर ते आत जाऊन दार लावून बसले होते. चहासुद्धा घेतला नाही. हात उजवा होता. (समोरच्याचं डावं-उजवं उलट दिसतं, म्हणून मी आईला समोर उभं करून खात्री केली. उजवाच.)

ता.क. तिसरा, आणि पत्र यासाठीच. मामा घरी आले असतील तर त्यांना मला एक कार्ड टाकायला सांगा. मजकूर काहीही चालेल, 'सिनेमा आवडला' एवढाही. फक्त दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. ओली शाई त्यांच्या डाव्या हाताखाली फरफटते. ती फरफट मी ओळखते.