ओट्यावरची खिडकी

दि. ६ फेब्रुवारी

ति. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकूनही सोडून देतेस, म्हणून हे पत्र. फोडणी पडली की तुझा खोकला सुरू होतो. डॉक्टरांनीही धुराकडेच बोट दाखवलंय. पुढच्या आठवड्यात चिमणी बसवायला मिस्त्री येईल, त्याला दारातून परत पाठवू नकोस. धूर थेट घराबाहेर गेला पाहिजे, तरच तिचा उपयोग.

तब्येतीला जप, म्हणजे आम्हीही इथे निवांत राहू.

तुझा,
धाकटा


दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मिस्त्री आला. माणूस चांगला, पण बडबड्या. म्हणाला, पाइप बाजूची भिंत कोरून काढता येईल, नाहीतर ओट्यावरच्या खिडकीला पत्रा ठोकून त्यातून. मी भिंत म्हटलं. त्या खिडकीसमोरच पलीकडच्या इमारतीतल्या मास्तरीणबाईंचा ओटा. सकाळी त्या पळीने गजावर ठोकतात, मी उलट ठोकते, मगच आमचा दोघींचा चहा उकळतो. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मिस्त्रीने तुला फोन लावला आणि तू खिडकी म्हणालास. मग मीही हो म्हटलं. तुला त्यातलं जास्त कळतं.

धूर गेला, खोकलाही बसला, खोटं कशाला बोलू? पण चिमणी लावली की घरात पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. मास्तरीणबाई तर विचारत होत्या, तोंड पाहायचं नव्हतं तर सरळ सांगायचं, पत्रा कशाला ठोकलात.

सूनबाईंना आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

आई


दि. २ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. भिंतीतून पाइप काढला असता तर एक वळण वाढलं असतं, फरश्या फुटल्या असत्या. सरळ पाइप धूर चांगला ओढतो. मास्तरीणबाईंना सांग, आता जिना चढून येत जा, गुडघ्यांना व्यायाम होईल.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई पंधरा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, म्हणून हाताशी आलेल्या पळीने ओट्याच्या कडाप्प्यावर ठोकत राहिल्या, मला हाका मारत राहिल्या. मी समोरच भाजी परतत होते. चिमणी चालू होती. दुपारी त्यांची कामवाली आली तेव्हा सगळ्यांना कळलं.

मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन गेली. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, तुम्ही बाहेर गेला असाल हे मला तिथे पडल्यापडल्याच कळलं, घरात असतात तर धावत आला असतात. मी हो म्हणून मान हलवली.

तुला बोल लावत नाही. भिंत म्हटलं होतं, तर ते धरून ठेवायचं काम माझं होतं. काल मिस्त्रीला बोलावून पाइप भिंतीतून काढून घेतला, खिडकी मोकळी केली. धूर तसाच जातो, वळणाने काही अडत नाही. फरश्याही दोनच फुटल्या. समोरची खिडकी मात्र बंद आहे.

रोज त्यांना पत्र लिहायला बसते. मायना लिहून होतो. मी घरातच होते, हे पुढे कसं लिहू तेवढं सांग.

माया असू दे.

आई