भिंतीत बसवायचा माझा दरवाजा

मी, खाली सही करणारी, जिला इथे सगळे भिंगरी म्हणतात, धंदा पाट्या रंगवण्याचा, राहणार सध्या चर्चच्या मागची खोली (त्याआधी कुठे कुठे, ते लिहीत बसले तर कागद पुरणार नाही), असं लिहून ठेवते की उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. हृदय बिघडलंय, डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकाकांनी स्थावर आणि जंगम म्हणजे काय ते समजावलं. स्थावर माझ्याकडे काही नाही.

कलम पहिलं. माझे ब्रश आणि रंगाचे डबे भिंतीपलीकडच्या टेलरबाईंच्या मुलीला. तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते. त्यातला रुंद ब्रश मात्र बाजारातल्या पेंटरदादाचा आहे, तो त्याला परत करावा. तो म्हणेल, माझा नाहीच. त्याचाच आहे.

कलम दुसरं. शिडी चर्चमधल्या बायकांच्या मंडळाला. कुठल्या मंडळाला, असं कुणीतरी विचारणारच, कारण मंडळं आता दोन आहेत. म्हणून जरा मागून सांगते.

चर्चचं आवार आणि शेजारच्या घरांची ओळ यांच्यामध्ये भिंत आहे, वर काचा रोवलेली. इकडच्या बायका रविवारी गाणार, तिकडे शिवणयंत्रं खडखडणार, आणि दोन्हीकडून एकमेकींबद्दल बोलणं एवढंच, की काय तो आवाज. मागच्या वर्षी त्या ओळीला आग लागली. माणसं वाचली, स्वयंपाकघरं जळाली. मंडळाच्या बायकांनी मोठ्या पातेल्यात सूप केलं. निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, डबे भरून पोचवू. घर जळालेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन उभं करू नये. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, हॉलमध्ये बोलावू, टेबलाशी बसवू. डबे नेऊन टाकायला ती काय परकी आहेत? दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे एकही हटेना. दुपार उलटली आणि सूप नासलं.

मग कुणामुळे नासलं यावरून मंडळ फुटलं. वाटणी झाली. पातेलं नर्सबाईंकडे गेलं, झाकण काकूंकडे. पातेल्यात तेव्हापासून कांदे ठेवलेत आणि झाकण बेकरीच्या भिंतीवर खिळ्याला लटकलंय. दोघी लग्नाआधीपासूनच्या मैत्रिणी, अगं-तुगं करणाऱ्या. आता समोरासमोर आल्याच तर "अहो" म्हणतात.

हे मला टेलरबाईंनी सांगितलं. मी भिंतीला लावलेल्या शिडीवर चढून चर्चची पाटी रंगवत होते, त्या भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होत्या.

"तू त्यांच्यातली का गं?"

"नाही, मी पाटीवाली."

"मग सांगते. त्या दिवशी भिंतीवरून वास येत होता. पोरं वाट्या घेऊन बसली होती. शेवटी आम्ही पाव आणून खाल्ला." एक चादर झटकून पुढे म्हणाल्या, "तोही तुमच्या त्या काकूंच्याच बेकरीतला."

मी हे नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? त्यांना जाऊन सांग." काकूंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना सांग की." शेवटी मी दोघींचा नाद सोडला आणि पाटी पुरी करायला पुन्हा शिडीवर चढले. तिथे चक्कर आली आणि पडले ती नेमकी पलीकडे. कोपराला काच लागली, तो व्रण अजून आहे.

पुढचं मला ऐकून माहीत. नर्सबाई भिंतीच्या अलीकडेच होत्या, हाताच्या अंतरावर. पण भिंतीतून जाणार कशा? फाटकातून बाहेर, कोपऱ्याला वळसा, बेकरीसमोरून, मग बोळातून. या वयात त्या पळताना दिसल्या म्हणून काकूही पिठाच्या हातांनी मागे पळाल्या. पोचल्या तेव्हा दोघींना धाप लागली होती आणि माझं डोकं टेलरबाईंच्या मांडीवर होतं. आता शिडी कुणाची, ते तिघींनी ठरवावं.

कलम तिसरं, हे मुख्य. माझ्या मालकीचा एक दरवाजा आहे. आमचं घर विकलं तेव्हा थोरल्या भावाने विचारलं, तुला काय हवं? मी म्हणाले, स्वयंपाकघराचा दरवाजा. तो पोट धरून हसला. "घर नाही, दार नाही, आणि दरवाजा घेऊन काय करशील? डोक्यावर घेऊन फिरशील?" फिरलेच. ट्रकवाल्यांच्या हातापाया पडून गावोगाव नेला. आई दोन्ही हात भरलेले असले की तो कोपराने ढकलायची, तिथला रंग उडालाय. तिथे नवा रंग देऊ नये. भावाला एवढंच कळवावं की दरवाजाला जागा मिळाली.

तर, मी पडले तिथली भिंत फोडून हा दरवाजा तिथे बसवावा. नर्सबाईंचे डबे त्यातून तिकडे जावेत आणि काकूंनी बोलावलेली माणसं त्यातूनच इकडे यावीत. कुलूप नको.

कलम चौथं. नर्सबाई आणि काकूंना मी काहीही देत नाही, हे मुद्दाम लिहिते. टायपिस्टकाका म्हणाले, साक्षीदाराला वाटा ठेवू नकोस, नसती भानगड. आणि साक्षीदार मला याच दोघी हव्यात. "दोघी एकाच वेळी लागतात का हो?" मी विचारलं. काका म्हणाले, "कायद्याचं सोड, तुला कशा हव्यात?" मला एकाच वेळी हव्यात. दोघींना निरोप गेलाय, दुसरीही येणार हे सांगूनच. मला फसवाफसवी नको. त्या आल्या नाहीत तर हा नुसता कागद आहे आणि दरवाजा भंगारात.

जादा मजकूर, सहीच्या आधी लिहिलेला. आल्या. काकू चष्मा दुकानात विसरल्या, म्हणून नर्सबाई मोठ्याने वाचू लागल्या. पोरांच्या वाट्यांपाशी आल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"पुढे वाच ना," काकू म्हणाल्या.

"तूच वाच," असं म्हणून नर्सबाईंनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

काकूंनी तिसरं कलम दोनदा वाचलं. "ही मेल्यावर बसवायचा दरवाजा? मग बरी झाली की हिला वळसा घालून घरी आणायचं का?"

"माझ्या ओळखीचा गवंडी आहे."

"तुझा गवंडी नको. माझा ओटा वाकडा केलाय त्याने."

"भिंत टेलरबाईंचीही आहे, आधी त्यांना विचार. बाहेर बाकावर बसल्यात."

दोघी विचारायला गेल्या. तिघींचे आवाज इथे ऐकू येतायत. कडी कोणत्या बाजूला, यावर चाललंय.

तेव्हा तिसरं कलम मी रद्द करते. दरवाजा आज, जिवंतपणी, दिला. मी बरी झाले तर त्यातून येईन. नाही झाले, तर मला त्यातूनच न्यावं. वळसा नको.

ठिकाण: रुग्णालय, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, सकाळ.

सही: भिंगरी

साक्षीदार: हिने माझ्यासमोर शुद्धीत सही केली. नाडी बरी आहे. — नर्सबाई

साक्षीदार: मीही पाहिलं, हिच्याच चष्म्यातून. — बेकरीवाली