कॅप्टनचं वय आणि माझा कान

तीर्थस्वरूप आक्कास, बेळगावहून सुहासचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली, उरलेली मानून घे). तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला निपाणीच्या हवेत एकमेकांना सांभाळून असतील अशी आशा आहे.

पत्रास कारण, माझ्यावर झालेला घोर अन्याय. गेल्या रविवारी, दिवसाढवळ्या, बेळगावातल्या भर शहापुरात मला स्वतःची बॅग उचलायला नालायक ठरवण्यात आलं. मला म्हणजे माझ्या कॅप्टनला. तुझी भाची अदिती आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडते. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं, यानातून ग्रहाग्रहांवर हिंडायचं आणि पुढं काय होतं ते फासे टाकून ठरवायचं. मी कॅप्टन. शेजारचे निवृत्त विज्ञानशिक्षक दीपंकर सर इंजिनियर (वय सत्तर, बायपास झालेली, तरी जिना माझ्या आधी चढतात). या खेळात चौतिशीनंतर दर चार वर्षांनी म्हातारपणाचे फासे टाकावे लागतात. माझा कॅप्टन पन्नाशीला पोचला, फाशांवर तीनच पडले, ताकद गेली, बॅग जागेवर राहिली.

मी हरकत घेतली. म्हटलं, कॅप्टनचं वय कुणी ठरवलं? आमच्या वेळी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की मास्तर लिहायचे, सहा वर्षं पूर्ण, जन्मतारीख एक जून. अदिती म्हणाली, "पप्पा, नियमात कान न्हाय." प्रात्यक्षिकासाठी मी उजवा हात डोक्यावरून घातला, तो खांदा आखडून टाळूवरच अडकला. दीपंकर सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तुमची सहा अजून व्हायचीत. यंदा पहिलीत नाव घालता येणार न्हाय."

खेळात यावर औषध आहे. एक गोळी गिळली की म्हातारपणाचे पुढचे फासे चुकतात (टेबलावर गोळीच्या जागी वाटाणा). सरांच्या इंजिनियरकडं शेवटची एक उरली होती. ती मी उसनी मागितली. "घ्या हो कॅप्टन," सर म्हणाले, "आम्हाला सवय हाय." तो वाटाणा मी आठवडाभर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतोय, कोर्टातल्या कामावरसुद्धा.

तुझा धाकटा,
सुहास

ता. क. खरं कारण आता लिहितो. आपले आप्पा बावन्नाव्या वर्षी गेले. येत्या एक जूनला मलाही दाखल्याप्रमाणे बावन्न भरतात. महिनाभर सकाळी उठलो की चहाआधी नाडी बघतो (चालू असते, पण तिचा काय भरवसा). माझे हात लहानपणापासून लांब. ते कानाला लवकर पोचले असतील तर बावन्न अजून लांब आहे. उशिरा पोचले असतील तर कधीच उलटून गेलंय. मी झालो तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. खरं साल तेवढं कळव. अदितीला बोलू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच तुझा फोन आला आणि मी विचारून टाकलं. किती हसलीस गं! "तू झालास तवा तंबाखूची खुडणी चालली होती, एवढं ध्यानात हाय. साल कोण मोजतंय? आणि आप्पांचं बावन्न तरी कुठलं धरलंस, येड्या? त्यांच्या दाखल्यावर बी एक जूनच होती." ज्या आकड्याला मी इतकी वर्षं भीत आलो, तो कुण्या मास्तरांनी आप्पांचा कान बघून काढलेला. पत्र तरी पाठवतोच, पाकिटावर तिकीट लावून झालंय.

ता. क. शेवटचा. आज खेळ सुरू व्हायच्या आत वाटाणा सरांच्या बशीत ठेवला. अदितीनं फासे माझ्याकडं सरकवले. मी टाकले.