तळ्याच्या पोटातला लाल थर

हट्टा रोड, बालाघाट
१४ मे १९७४

ती. चिंतामण भाऊजींस तेजरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

नळीभर चिखल काढायला खरा खर्च काय आला, ते आधी सांगतो. मासे धरणाऱ्या महागू ढीवराचा डोंगा (उलटला), माझा डावा बूट (तळ्याला अर्पण) आणि माझी झोप (अजून परत आलेली नाही). तुमची कंबर कशी आहे? दुर्गाताईचा खोकला? आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

झालं असं की कॉलेजातले बंडोपंत मास्तर तळ्याचा गाळ तपासायला आले. मी ऐटीत सांगितलं, आपलं तळं अकरा हात खोल, दर उन्हाळ्यात मी स्वतः बांबू घालून मोजतो, जिल्ह्यात असं दुसरं नाही. (तुम्हालाही तीनदा कळवलंय.) मास्तरांनी डोंग्यातून लोखंडी नळी खाली ठोकली आणि निघालेली गाळाची कांडी काठावर फळीवर आडवी ठेवली. तळाशी काळा गाळ, मग हातभर लाल माती, मग पुन्हा काळा, आणि सगळ्यात वर पुन्हा लाल. मास्तर म्हणाले, तिकडे अमेरिकेत माया नावाचे लोक होते, त्यांनी मक्यासाठी आणि चुना भाजायला जंगल तोडलं. पावसानं उघडी माती तळ्यांत आणली. पुढं शहरं ओस पडली, जंगल परत आलं, पण ती माती अजून तळाशी तशीच आहे. आपल्याकडेही खालच्या लाल थराच्या वेळी कोणीतरी टेकडी बोडकी केली. त्यानंतर फार काळ इथं कोणीच नव्हतं. मी विचारलं, मग वरचा लाल थर कोणाचा? मास्तर माझ्या वीटभट्टीकडे बघत राहिले.

महागू म्हणाला, "मालक, तो त तुमचाच होय."

खालच्या लाल मातीत भाजलेल्या विटेचा तुकडा निघाला. त्यावर अंगठ्याचा खळगा. भट्टीच्या पहिल्या विटेवर आपण अंगठा दाबतो ना, अगदी तसा. माझा अंगठा लहानपणी साच्यात सापडून वाकडा झालाय, तुम्हाला ठाऊक आहे. मी तो सहज खळग्यात ठेवला. वाकडेपणासकट बसला. काढताना जरा जोर लागला.

माझे कान तर तुम्ही जाणताच. भट्टीत वीट तडकली तर मला घरात कळतं. (त्याच कानांवर मी दोन भट्ट्या उभ्या केल्या.) त्या दिवसापासून भर दुपारी, वारा नसताना, टेकडीवरून पीठ चाळल्यासारखा आवाज येतो. माती पाण्याकडे उतरत असते. महागू म्हणतो, "मले त काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं." पण हल्ली तो दुपारी तळ्याकडे फिरकत नाही.

आपला,
तेजराम

ता. क. तुमच्या वाटणीची मोहाची टेकडी तोडायला द्या म्हणून मी तीन पत्रं लिहिली. देऊ नका. मी दारात येऊन ताईची शपथ घातली तरी देऊ नका. (मी फार गोड बोलतो, आणि पुढच्या हंगामाला जळण लागणारच आहे.)

ता. क. दुसरा. बांबू चिखलात घुसत होता. मास्तरांनी दोरीला थाळी बांधून सोडली. पाणी दोन हात आहे.