आज काय भाजी केली?

रेल्वे कॉलनी, पूर्णा

प्रिय सविता,

फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून गावाकडे निघालेल्या आपल्या रामच्या हाती हे पत्र राणीसावरगावला धाडते. साक्षी मजेत आहे. दिवाळीच्या सुट्टीला येऊन आठवडा झाला नाही, तोच तुझी लेक अख्ख्या रेल्वे कॉलनीच्या ओळखीची झाली.

परवा जेवायच्या वेळी तुझी-माझी दोघी पोरी गायब. शोधत गेले, तर समोरच्या कस्तुराबाईंच्या ओट्यावर साक्षी ठाण मांडून विचारत होती, “आजी, आज काय भाजी केली?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, तुमच्या ऊसतोडीच्या टोळीत हेच चालतं. आईबाप उसाच्या फडात असले की जिची चूल पेटली तिच्यापाशी सगळी पोरं जेवतात. खरी गंमत पुढेच. आमची सृष्टी, जी परक्याला आपलं नावसुद्धा सांगत नाही, तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, “मला बी वाढा.” नाव तरी कसं सांगेल? कोणी विचारलं की मीच उत्तर देते. आमचे हे म्हणतात, “तू गप बसलीस तर ती बोलंल की!”

तेव्हापासून मी दोघींकडे बघतच बसते. कशानं होतं गं हे? तुझी पोर पडली तर धूळ झटकून उठते. माझी आधी माझं तोंड बघते, मग रडते. पण एक गोष्ट उलटी आहे. सृष्टी हक्कानं मागते, अजून एक करंजी, लाल रिबीन. साक्षी चारचौघांत बिनधास्त जेवते, पण एकटीसाठी काही मागत नाही. काल चप्पल तुटली तर दिवसभर अनवाणी फिरली, बोलली नाही. मला रडूच आलं.

हे न मागणं ती कुठून शिकली, याचं कोडं आज सुटलं. कपडे धुवायला तिची पिशवी रिकामी केली, तर तळाशी घडी घातलेला शाळेचा गणवेश निघाला. सवे, सुट्टीत मावशीकडे जाणाऱ्या पोरीला कोणी गणवेश देतं का? सोमवारी मुकादमाची गाडी येणार, तुम्ही कारखान्याला निघणार. साक्षीनं इथं राहून शाळा शिकावी, असं यांनाही वाटतं, आणि सृष्टी तर तिला सोडायला तयार नाही. मलाही एकीपुढे गप्प बसायला शिकायचंय आणि दुसरीला मागायला शिकवायचंय. पण आधी तू मागून दाखव. फोन कर आणि तोंडानं म्हण, “अक्का, पोरीला ठेवून घे.” मी वाट बघतेय.

तुझीच,
सुकेशनी अक्का